तीन चौरस मीटरांसाठी वीस लिटर: एका उपाहारगृहाच्या फरशीचं प्रकरण

पुण्यातलं एक मध्यम आकाराचं शाकाहारी उपाहारगृह. बसायची जागा ११० चौरस मीटर. तिथे ६०० × ६०० मिलिमीटरच्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स आणि ३ मिलिमीटरचे सांधे. मागे ६० चौरस मीटरचा भटारखाना. तिथे ३०० × ३०० च्या जाड, खरखरीत टाइल्स आणि ५ मिलिमीटरचे सांधे. दारापुढची १२ चौरस मीटरची पडवी कोटा फरशीची. आतल्या दोन्ही जागी सांधे सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याने, भरलेले.

ग्राउट काळं पडतं, हळदीचे डाग जात नाहीत, या तक्रारीवर उपाय म्हणून ऐन श्रावणात सगळ्या फरशीवर चकचकीत ॲक्रिलिक सीलर, म्हणजे पाणी आणि डाग आत शिरू नयेत म्हणून लावायचा लेप, मारला गेला. थिनरवर चालणारा, २० लिटरचा एक डबा, रोलरने, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पंधरा दिवस फरशी काचेसारखी दिसली. दिवाळीपर्यंत तिची तीन ठिकाणी तीन रूपं झाली होती. बसायच्या जागेत खुर्च्यांच्या पायांखाली उन्हात सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघत होते आणि दारापासून हात धुवायच्या बेसिनपर्यंत काळा पट्टा उमटला होता. भटारखान्यात सांध्यांवर दुधाळ पांढरेपणा आला होता, शेगड्यांपुढे चप्पल चिकटत होती आणि पाणी पडलं की तीच जागा निसरडी होत होती. पडवीतला कोटा जागोजाग पांढरट झाला होता.

मालकांची पहिली मागणी होती: हे घासून काढा आणि चांगल्या कंपनीचा सीलर परत मारा. पण ब्रँड बदलून प्रश्न सुटणार नव्हता. सीलर चुकीच्या जातीचा होता, त्याहून जास्त चुकीच्या जागी लागला होता.

आधी हिशेब

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषते ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. सीलर तिच्यात मुरत नाही, वर पडून राहतो आणि घासला गेला की सुटतो. शोषणारी गोष्ट म्हणजे सांधा. मग सांधा किती, ते मोजायचं. चौरस टाइल असेल तर गणित सोपं: एका चौरस मीटरात सांध्याची लांबी म्हणजे २ भागिले (टाइलची बाजू अधिक सांधा), मीटरमध्ये.

भटारखाना: २ ÷ ०.३०५ = ६.५६ मीटर. ६० चौरस मीटरला ३९३ मीटर सांधे. रुंदी ५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १.९७ चौरस मीटर.
बसायची जागा: २ ÷ ०.६०३ = ३.३२ मीटर. ११० चौरस मीटरला ३६५ मीटर. रुंदी ३ मिलिमीटर, म्हणजे १.१ चौरस मीटर.

१७० चौरस मीटर टाइलच्या फरशीत सीलर पिऊ शकणारी जागा जेमतेम तीन चौरस मीटर. बाकी १६७ चौरस मीटरवर जो ॲक्रिलिक गेला त्याला धरायला काहीच नव्हतं. कोटा तेवढा वेगळा: तो चुनखडीचा दगड आहे, पूर्ण पृष्ठभागाने थोडंथोडं शोषतो, म्हणून त्याला सीलर सगळीकडे लागतो. फक्त पापुद्रा धरणारा नको.

तपासणी

आधीच्या कामाचा डबा कुणी ठेवला नव्हता. वर काय आहे हे कळल्याशिवाय ते काढायचं कशाने हे ठरत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या एका टाइलवर कापसाने थिनर लावून दोन मिनिटं ठेवला. थर मऊ होऊन बोटाला चिकटला, म्हणजे थिनरवरचा ॲक्रिलिक. काहीच झालं नसतं तर वर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी आहे असं समजावं लागलं असतं, आणि ते काढणं फार कष्टाचं. ही चाचणी गॅस बंद करून, खिडक्या उघडूनच करायची.

मग सांध्यांची अवस्था. बसायच्या जागेत स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ओरखडा काढला तर बारीक रेघ उठली, पूड निघाली नाही. भटारखान्यात बराचसा भाग तसाच टणक होता. पण भांडी घासायची मोरी, इडली-डोशाचं पीठ वाटायच्या यंत्रापुढची जागा आणि नहाणी ट्रॅपभोवतीचा (सांडपाणी जायच्या जाळीभोवतीचा) उतार या तीन पट्ट्यांत ग्राउट टाइलच्या पातळीपासून २ ते ३ मिलिमीटर खाली गेला होता. नखाने खरवडलं तरी वाळू सुटत होती. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मोरीखाली ॲसिडची बाटली होती, आठवड्यातून एकदा चिकट काढायला वापरली जाणारी. त्यात आंबलेलं पीठ, ताक आणि चिंचेचं पाणी रोज सांडतं. आम्ल सिमेंट खातं. सीलर आत मुरलेला असला तरी खातं, कारण सीलर डाग लांबवतो, सिमेंटचा स्वभाव बदलत नाही. पूड होणाऱ्या सांध्यावर कुठलाही सीलर मारणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं.

हळदीचा प्रकार इथे जवळून बघण्यासारखा आहे. टेबलाखालच्या एका सांध्यावर वरणाचा पिवळा डाग होता. त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकताच तो विटकरी लाल झाला. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, तीच गोष्ट. कर्मचाऱ्यांना वाटायचं डाग वाढला, म्हणून ते अजून सोडा टाकायचे. शिवाय हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. सांध्यात तेल मुरलं की हळद त्याच्याबरोबर आत जाते. सीलर निवडताना हीच बाब निर्णायक ठरली.

ओलीसाठी ४५ × ४५ सेंटिमीटरचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून रात्रभर, किमान १६ तास ठेवला. बसायच्या जागेत खाली कोरडं निघालं. भटारखान्यात प्लास्टिकच्या आतून दव साचलं होतं. रोज रात्री बादल्यांनी धुतलेली फरशी, टाइलखालच्या सिमेंटच्या मसाल्यात साठलेलं पाणी आणि वर पापुद्रा धरणारा सीलर. ते पाणी वाफ होऊन वर येतं, थराखाली अडकतं आणि थर दुधाळ होतो. श्रावणात हे आणखी लवकर होतं.

मालकांची एक आशा इथेच मोडावी लागली. भटारखान्याखालच्या दुकानात ओल उतरते, ती सीलरने थांबेल असं त्यांना सांगण्यात आलं होतं. थांबत नाही. सांध्याचा सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ते टाइलखालच्या थरात असतं किंवा नसतं. ते काम वेगळं, त्याचा खर्च वेगळा.

निवड

बाजारात सीलर म्हणून जे मिळतं ते ढोबळमानाने तीन प्रकारचं. वर थर धरणारे, म्हणजे ॲक्रिलिक आणि पॉलियुरेथेन. आत मुरणारे, म्हणजे सिलेन, सिलॉक्सेन आणि फ्लुरोपॉलिमर. आणि रंगीत सीलर, जे सांध्यावर रंगाचा पातळ थर देऊन जुने डाग झाकतात.

थर धरणारे इथे बाद. उष्णतेने मऊ होतात, ओल अडकवतात, टाइलचा खरखरीतपणा भरून काढून तिला निसरडी करतात. अन्न परवान्याच्या नियमांत फरशी आणि भिंती धडधाकट, स्वच्छ करायला सोप्या आणि पापुद्रे न सुटणाऱ्या हव्यात असं आहे. भटारखान्यात सोलणारा थर ठेवणं त्या बाजूनेही जड जातं.

मुरणाऱ्यांतही दोन जाती नीट ओळखाव्या लागतात. नुसता सिलेन-सिलॉक्सेन असलेला सीलर पाणी परतवतो, तेल नाही. बाथरूमला, गच्चीला तो उत्तम. पण फोडणीचं तेल जिथे सांडतं तिथे त्याचा उपयोग अर्धाच, आणि हळद तेलातून आत जाते हे वर आलंच आहे. तेल परतवायला फ्लुरो जातीचा लागतो. डब्यावर नुसतं ‘वॉटर रिपेलंट’ असेल तर तो पहिला प्रकार समजावा; तेल आणि पाणी दोन्ही परतवतो असं तांत्रिक पत्रकात स्पष्ट हवं. फ्लुरो रसायनांवर पर्यावरणाच्या अंगाने जगभर निर्बंध येत आहेत, त्यामुळे दर खरेदीला नवं पत्रक वाचायचं. डबा तोच आणि आतला माल बदललेला, असं होऊ शकतं.

पत्रकावर विसंबून मात्र खरेदी झाली नाही. दोन सीलरांचे नमुने आणून भटारखान्याच्या कोपऱ्यातल्या साफ केलेल्या सांध्याच्या एकेक मीटरवर लावले, तिसरा मीटर कोरा ठेवला. तीन दिवसांनी तिन्हींवर हळद घातलेल्या गरम तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवले. सकाळी सौम्य साबणाने पुसल्यावर कोरा सांधा पिवळा, सिलॉक्सेनचाही पिवळा, फ्लुरोचा जवळजवळ स्वच्छ. पाण्याचा थेंब मात्र दोन्ही सीलरांवर मोत्यासारखा उभा होता. नुसती पाण्याची चाचणी घेतली असती तर निवड चुकली असती.

पाण्यावर आधारित फ्लुरो सीलर घेतला. थिनरवरचा माल भटारखान्यात नको. पायलट ज्योत आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर यांच्या शेजारी वाफा साचू देणं धोक्याचं. आणि फवारा तर नकोच. २००५ साली अमेरिकेत ग्राउट सीलरचा एक स्प्रे बाजारातून परत मागवावा लागला होता, कारण फवारा श्वासात गेलेल्यांच्या फुप्फुसांना इजा झाली. ब्रश किंवा चाकाची बाटली, एवढंच.

रंगीत सीलरचा विचार बसायच्या जागेसाठी झाला, पण डाग निघतात असं दिसल्यावर सोडून दिला. आणि झिजलेल्या तीन पट्ट्यांना सीलर नाहीच. तिथला सांधा काढून इपॉक्सी ग्राउट. इपॉक्सीला सीलर लागत नाही. लावला तर तो वर चिकट राहतो.

जुना थर काढणं

बेंझिल अल्कोहोलवरचा जेल स्ट्रिपर, ४ ते ५ चौरस मीटरला एक लिटर या प्रमाणात. १८२ चौरस मीटरला ४० लिटर लागले. म्हणजे चुकून लावलेल्या २० लिटरांना काढायला दुप्पट. जेल ब्रशने पसरून २० ते ३० मिनिटं, वाळू द्यायचा नाही. पंखे बंद ठेवायचे, नाहीतर कडेने सुकतो. मग प्लास्टिकच्या खरवडणीने आणि १७ इंची फिरत्या यंत्राला नायलॉन ब्रश लावून घासणं. काळा पॅड इथे वापरू नये. मॅट टाइलवर तो ओरखडे पाडतो आणि त्या ओरखड्यांत पुढे काळं बसतं.

सुटलेला गाळ वेट-व्हॅक्यूमने उचलून डब्यात भरला. पहिल्या रात्री एका माणसाने सवयीने वायपरने थोडा गाळ ट्रॅपकडे ढकलला; ॲक्रिलिकचे तंतू जाळीत अडकून सकाळी पाणी तुंबलं. गाळ ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणाऱ्या टाकीत, गेला असता तर काम आणखी वाढलं असतं.

त्यानंतर सांध्यांतलं तेल. अल्कधर्मी डिग्रीजर, पीएच १२ च्या आसपास, कोमट पाण्यात, १० ते १५ मिनिटं; ताठ अरुंद ब्रशने सांध्यांच्या रेषेत घासणं; ओढून घेणं; दोनदा स्वच्छ पाणी. मग सांध्यावर पीएच पट्टी ठेवून पाहणं. पट्टी ९ च्या वर दाखवत होती तिथे तिसऱ्यांदा धुतलं. अल्कली उरली तर वरचा सीलर नीट बसत नाही. हळदीच्या डागांवर सोडियम परकार्बोनेटचं कोमट द्रावण २० मिनिटं. आधी लाल होतं, घाबरायचं नाही, मग फिकट होत जातं. ॲसिड कुठेही नाही: सांधे आधीच खाल्लेले, आणि कोट्यावर तर एक थेंबही चालत नाही, चटका बसतो.

इपॉक्सीचे पट्टे

तिन्ही मिळून २२ चौरस मीटर, म्हणजे १४४ मीटर सांधे. जुना ग्राउट ऑसिलेटिंग यंत्राने ८ मिलिमीटर खोलीपर्यंत काढला. ग्राइंडर हाताशी होता, पण पाच मिलिमीटरच्या सांध्यात तो घसरला की टाइलची कड उडते. पावडर व्हॅक्यूमने साफ.

मालाचं गणित: टाइलच्या दोन बाजूंची बेरीज भागिले गुणाकार, गुणिले खोली, गुणिले रुंदी, गुणिले घनता. (६०० ÷ ९०,०००) × ८ × ५ × १.६ = चौरस मीटरला ०.४३ किलो. २२ चौरस मीटरला साडेनऊ किलो, नासधूस धरून ११ किलो. एका वेळी एकच युनिट (राळ आणि हार्डनरचा एक संच) कालवायचं. पुण्यातल्या उन्हाळ्यात कालवलेला इपॉक्सी अर्ध्या तासात हाताबाहेर जातो, आणि बादलीत ढीग करून ठेवला तर त्याहून लवकर. पसरून ठेवला तर थोडा टिकतो. भरल्यावर पांढऱ्या नायलॉन पॅडने, थोड्या पाण्याने, गोल फिरवत टाइलवरचा थर पातळ करायचा आणि स्पंजने उचलायचा. पाणी वरचेवर बदलायचं. टाइलवर राहिलेला इपॉक्सीचा पडदा दुसऱ्या दिवशी काढणं म्हणजे पुन्हा स्ट्रिपर. खरखरीत टाइलवर हा पडदा खाचांत बसतो, त्यामुळे इथे घाई करणारा माणूस नको.

भात उपसून उकळती पेज जिथे रोज ओतली जाते त्या कोपऱ्यासाठी इपॉक्सीच्या पत्रकातली तापमानाची मर्यादा बघून माल घेतला. भिंतीलगतचे सांधे आणि ट्रॅपची कड यांत ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथे हालचाल होते, कडक ग्राउट तडकतोच.

सीलर लावणं

इथे खरी कसोटी थांबण्याची होती. बसायची जागा धुतल्यापासून दुसऱ्या रात्री तयार झाली. भटारखाना साप्ताहिक सुट्टीला जोडून दोन दिवस बंद ठेवला, पंखे अखंड चालू. तरी मोरीजवळच्या चार-पाच मीटर सांध्यांत रंग गडदच होता, ओल होती. ते सोडून बाकीचं केलं आणि तेवढा तुकडा आठवड्याने पूर्ण झाला. ओल्या सांध्यात सीलरला शिरायला जागाच नसते.

उरलेले सांधे: भटारखान्यात २४९ मीटर, बसायच्या जागेत ३६५. क्षेत्रफळ मिळून २.३५ चौरस मीटर. सच्छिद्र ग्राउटला लिटरमागे ६ चौरस मीटर धरून एका हाताला ४०० मिलिलिटर, दोन हातांना ८००. कोट्याला लिटरमागे १० चौरस मीटरने पहिल्या हाताला सव्वा लिटर, दुसऱ्याला त्याच्या निम्मा. सगळं मिळून जवळजवळ पावणेतीन लिटर. पाच लिटरचा डबा घेतला.

पद्धत साधी, पण क्रम मोडायचा नाही. एका वेळी सहा-सात चौरस मीटरचाच तुकडा. सांध्यावर बारीक ब्रशने सीलर, सांधा भिजेपर्यंत. पाच मिनिटांत पहिला पिऊन घेतला की तो सुकायच्या आत दुसरा हात. मग टाइलवर सांडलेलं कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने लगेच पुसायचं, सांधा न दाबता. पुसायचं राहिलं तर टाइलवर तेलकट पांढरी झाक वाळते. बसायच्या जागेत एका टेबलाखाली असंच झालं. पाण्याने ती निघत नाही. त्याच सीलरने फडकं ओलं करून झाकेवर फिरवलं की ती मऊ होते, मग कोरड्या फडक्याने घासून उचलता येते. दुसऱ्या दिवसाच्या आत करायचं.

सहा तास कुणी चालायचं नाही, २४ तास पाणी नाही, तीन दिवस डिग्रीजर नाही. इपॉक्सीच्या पट्ट्यांवर जोरदार रसायन सात दिवसांनंतर.

तीन दिवसांनी पाण्याचे थेंब टाकून वेळ मोजली. कामाआधी, थर काढल्यावर, भटारखान्यातला सांधा २० सेकंदांत गडद झाला होता. आता दहा मिनिटांनंतरही रंग बदलला नाही. टाइलचा पृष्ठभाग जसा कारखान्यातून आला तसाच कोरा ठेवला होता, त्यामुळे निसरडेपणाची तक्रारही संपली.

पुढची देखभाल

मोरीखालची ॲसिडची बाटली गेली. भटारखान्यात रोज रात्री पातळ केलेला सौम्य अल्कधर्मी क्लीनर, पाच मिनिटं भिजत ठेवून लांब दांड्याच्या ब्रशने घासणं आणि पाणी वायपरने ट्रॅपकडे ओढणं. पोछा तिथे बंद. तेलकट पोछा म्हणजे एका सांध्यातलं तेल सगळ्या सांध्यांना वाटणं. बसायच्या जागेत पीएच ७ ते ८ चा क्लीनर, दोन बादल्या. पांढरं फिनाईल टाळलं, कारण त्याचा तेलकट थर सांध्यावर बसतो आणि धूळ धरतो. भांडी घासणाऱ्या मावशींना एकच गोष्ट पक्की सांगितली: हळद सांडली तर सोडा नाही, आधी टिश्यूने टिपायची, मग सौम्य साबण.

थेंबाची चाचणी दर तीन महिन्यांनी पाच ठरलेल्या जागी. शेगड्यांपुढचा पट्टा सर्वांत आधी हरणार हे उघड होतं, आणि सहाव्या महिन्यात तिथला थेंब दोन मिनिटांत मुरला. बाकी चार जागा जशाच्या तशा. तो पट्टा ३० मीटर सांध्यांचा. डिग्रीजर, दोनदा पाणी, एक रात्र आणि एक सुट्टीचा दिवस सुकवणं, मग दोन हात. सीलर लागला ५० मिलिलिटर, कटिंग चहाच्या ग्लासाहून कमी.